इंदूरहून पहिला नेपाळ ट्रेक: आधी उतार शिका, मग पाहुणे व्हायला शिका

आमच्या आठ जणांपैकी घोडेपानीच्या चढावर कुणीही हातपाय गाळले नाहीत. रडवेले झालो ते उतारावर, आणि लाजलो ते गुरुंग या डोंगरी समाजातल्या एका आमांच्या (आमा म्हणजे आई) स्वयंपाकघरात. या दोन्ही गोष्टी निघण्याआधी कुणी सांगितल्या असत्या तर बरं झालं असतं, म्हणून हे लिहायला बसले आहे. इंदूरहून पहिल्यांदाच नेपाळला ट्रेकसाठी निघणाऱ्यांसाठी, आणि विशेषतः ज्यांचा डोंगराशी संबंध पावसाळ्यातल्या पाताळपाणी-तिंछ्यापुरताच आला आहे त्यांच्यासाठी.

वाट कोणती धरायची

पहिल्या खेपेला एव्हरेस्ट बेस कॅम्पचं नाव काढू नका. पोखरा, उल्लेरी, घोडेपानी, पून हिल, ताडापानी, घांद्रुक आणि परत पोखरा ही वाट धरा. चालणं चार दिवसांचं, आणि एक दिवस गावात नुसतं राहण्यासाठी जास्तीचा ठेवा. या वाटेची खरी खुबी अशी की झोपायची सगळी ठिकाणं तीन हजार मीटरच्या खाली येतात. घोडेपानी साधारण २८६० मीटर, ताडापानी २६३०, घांद्रुक २०००च्या आसपास. फक्त पून हिल ३२१० मीटरवर आहे, आणि तिथं पहाटे जाऊन सकाळी उतरायचं असतं.

३२१० म्हणजे किती? कळसूबाई १६४६ मीटर. एका कळसूबाईवर दुसरी ठेवा, जवळजवळ तेवढं. आपलं जानापाव नऊशे मीटरच्या आतच संपतं.

ज्यांना चालणं कमी आणि गाव जास्त हवं आहे, त्यांनी लमजुंगमधलं घलेगाउँ किंवा स्याङ्जातलं सिरुबारी बघावं. सिरुबारीत तर १९९७ पासून पाहुणे घरात ठेवून घेण्याची रीत आहे. नेपाळमधल्या गावातल्या होमस्टेची सुरुवात तिथूनच झाली असं मानतात. दोन्ही गावं गुरुंगांची.

कधी जायचं

ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल. शरदात आकाश स्वच्छ असतं. वसंतात डोंगर थोडे धुरकट, पण घोडेपानी ते ताडापानीचं जंगल लालीगुराँसच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) फुलांनी लालभडक झालेलं असतं. आम्ही मार्चच्या शेवटी गेलो आणि मला त्याचा पस्तावा नाही. जून ते सप्टेंबर नको. पावसाहून जळवांचा त्रास मोठा.

इंदूरकरांना सुट्टी मिळते दिवाळीत, आणि इथं एक अडचण आहे. आपल्या नवरात्र-दसऱ्याच्या सुमारास तिथं दशैं असतो. त्या दिवसांत गाइड आपापल्या घरी, बसगाड्या खच्चून भरलेल्या, अर्धी दुकानं बंद. दिवाळीत तिथं तिहार. लक्ष्मीपूजन आटोपून निघालात तर जमून जातं, पण गाइड आणि घर दोन्ही दोन महिने आधी ठरवा. तिहारचा शेवटचा दिवस भाइटीका, म्हणजे आपली भाऊबीज. त्या दिवशी गाइडला त्याच्या बहिणीपासून दूर ठेवू नका, ही माझी आपली विनंती.

कागद आणि पैसे

भारतीयांना नेपाळचा व्हिसा लागत नाही. पण पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचं मतदार ओळखपत्र, दोन्हींपैकी एक मूळ प्रत लागतेच. आधार चालत नाही. अपवाद फक्त १५ वर्षांखालच्यांचा आणि ६५ वर्षांवरच्यांचा. आमच्यातले एक काका सहासष्ट वर्षांचे, ते आधार दाखवून आरामात गेले, आणि त्यांचा बेचाळीस वर्षांचा पुतण्या दिल्लीच्या विमानतळावरून घरी फोन करत बसला की कपाटातलं मतदार कार्ड कुणीतरी रात्रीच्या गाडीनं पाठवा. तो दुसऱ्या दिवशी आम्हाला येऊन मिळाला.

पैशांचं गणित सोपं आहे आणि तरी सगळे चुकतात. भारतीय १०० रुपये म्हणजे नेपाळी १६०, हा दर १९९३ पासून ठरलेला आहे. दुकानदार ‘आइसी की एनसी?’ विचारेल. आइसी म्हणजे भारतीय, एनसी म्हणजे नेपाळी. हे न विचारता पैसे काढून देणारा माणूस दीडपटीहून जास्त मोजतो. शंभराच्या भारतीय नोटांचा गठ्ठा जवळ ठेवा, बाकी पोखऱ्यातच नेपाळी करून घ्या. २०२४ पासून नेपाळी क्यूआर कोडवर आपलं यूपीआय चालायला लागलं आहे, पण ते शहरात. डोंगरात रोख.

आणि घड्याळ पंधरा मिनिटं पुढे करा. जीप सुटायच्या वेळी ही पंधरा मिनिटं महाग पडतात.

इंदूरहून काठमांडूला थेट विमान नाही, दिल्लीमार्गे जावं लागतं. दिल्लीहून जाताना डावीकडची खिडकी मागा, हिमालय त्याच बाजूला दिसतो. काठमांडूहून पोखऱ्याला उडणार असाल तर उजवीकडची. स्वस्तात जायचं तर भोपाळहून गोरखपूरची गाडी, तिथून बसनं सुनौली, पायी सीमा ओलांडायची आणि पलीकडून पोखऱ्याची बस. पैसे निम्म्याहून कमी, कंबर दुप्पट मोडते. साठीच्या पुढच्यांना मी तरी हे सुचवणार नाही.

गाइड ठरवणं

१ एप्रिल २०२३ पासून नेपाळ पर्यटन बोर्डाचा नियम आहे: परदेशी ट्रेकरनं नोंदणीकृत संस्थेमार्फत परवानाधारक गाइड घ्यायचा. व्हिसा लागत नसला तरी आपणही तिथं परदेशीच. ही वाट ज्यातून जाते त्या अन्नपूर्णा संवर्धन क्षेत्राची प्रवेश फी इतर परदेशी लोकांना ३००० नेपाळी रुपये आहे, आपल्याला सार्क देशांचे म्हणून १०००. टिम्स कार्डाचेही (ट्रेकर म्हणून नोंदणीचं कार्ड) आपल्याला १००० पडतात. म्हणजे दोन्ही मिळून भारतीय साडेबाराशे. कुणी ‘परमिटचे पाच हजार’ म्हणालं तर हिशोब कागदावर मागा. पासपोर्ट आकाराचे चार फोटो सोबत ठेवा. शनिवार तिथला सुट्टीचा वार आहे, तेव्हा परमिटचं काम शनिवारवर टाकू नका.

पैसे भरण्याआधी संस्थेला हे प्रश्न लेखी विचारा. गाइडचं जेवण-झोपणं कोण देणार? त्याचा आणि पोर्टरचा विमा आहे का? एका पोर्टरवर किती ओझं? (दोघांत एक पोर्टर आणि प्रत्येकाचं दहा-बारा किलो, याहून जास्त नको. माणूस आहे तो, खेचर नाही.) आणि सगळ्यात महत्त्वाचं: घांद्रुकला ज्या घरात उतरणार त्या घरात कुटुंब राहतं का?

हा शेवटचा प्रश्न आम्ही विचारला नाही. आमच्या एजन्सीनं घांद्रुकला ‘होमस्टे’ म्हणून पहिल्या रात्री ज्या ठिकाणी नेलं, तिथं चोवीस खोल्या होत्या आणि मेन्यूकार्डात पिझ्झा होता. लॉज वाईट नसतं, घोडेपानीला तर लॉजमध्येच राहायचं असतं. पण मेन्यूकार्ड दिसलं की ते होमस्टे नाही, ही सोपी खूण लक्षात ठेवा. घरात जे शिजतं ते सगळ्यांना मिळतं. आमच्या गाइडलाही ते पटलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी त्यानं गावात ओळखीच्या एकाला फोन लावून आमची घरांत सोय करून दिली.

गाइडला नावानं हाक मारू नका, वयानं मोठा असेल तर ‘दाइ’, लहान असेल तर ‘भाइ’. हिंदी बहुतेकांना कळतं. पण गावातल्या म्हाताऱ्या बायका गुरुंग आणि नेपाळीच बोलतात, त्यांच्याशी हिंदीत मोठ्यानं बोलून उपयोग नाही. (आपण परक्या भाषेत आवाज का चढवतो, देव जाणे.)

विमा आपलाही काढा, हेलिकॉप्टर बचाव धरून. मात्र साध्या डोकेदुखीला कुणी लगेच हेलिकॉप्टर बोलावू लागलं तर सावध राहा. खोट्या बचाव-फेऱ्यांच्या प्रकरणाची २०१८मध्ये नेपाळ सरकारला चौकशी करावी लागली होती.

तयारी: उताराची

आम्ही दोन महिने तयारी केली. रोज सकाळी पिपल्यापाल्याच्या तलावाला फेऱ्या, रविवारी रालामंडलची टेकडी, एकदा जानापाव. सगळी चढायची. रालामंडलला वर शिकारखान्यापर्यंत दमदार चालायचं आणि खाली येताना गप्पा मारत, धावत, कसंही. तिथंच चुकलो.

घोडेपानीला पोहोचण्याआधी, तुम्ही तिखेढुंगाहून पायी निघालात तर, उल्लेरीपर्यंत तीन हजारांहून जास्त दगडी पायऱ्या लागतात. आता जीप उल्लेरीपर्यंत जाते, तेव्हा नवख्यांनी त्या गाळायला हरकत नाही. आम्ही गाळल्या. पण ताडापानीहून घांद्रुकला सहाशे मीटर खाली उतरायचं असतं, ओल्या दगडांवरून आणि मुळांवरून, आणि ते गाळता येत नाही. चढताना छाती बोलते, उतरताना गुडघे. छाती पाच मिनिटं थांबलं की शांत होते, गुडघे रात्रभर बोलत राहतात.

म्हणून तयारी अशी करा. इमारतीचे जिने लिफ्टनं चढा आणि पायी उतरा. हो, उलटं. पाठीवर पाच-सहा किलोची पिशवी घेऊन, पाऊल पूर्ण टेकवत, गुडघा किंचित वाकवून. पहिल्या आठवड्यात दहा मजले, दुसऱ्यात वीस. रालामंडलहून उतरताना दोन्ही हातांत काठ्या वापरायची सवय करा. काठी उतारावर थोडी लांब करायची, म्हणजे ती आधी टेकते आणि वजन तिच्यावर जातं. पायांच्या मांड्या दुसऱ्या दिवशी दुखल्या तर समजा योग्य चाललं आहे.

बूट दोन महिने आधी घ्या आणि घालून फिरा. अर्धा नंबर मोठे. आणि निघायच्या आदल्या दिवशी पायाची नखं कापा! हसू नका. उतारावर बोटं बुटाच्या टोकावर आपटत राहतात. आमच्या एका मैत्रिणीचे दोन्ही अंगठे घांद्रुकला पोहोचेपर्यंत जांभळे झाले आणि इंदूरला परतल्यावर महिन्याभरानं नखं गळाली.

बाकी सामान थोडकं: लोकरी टोपी, हातमोजे, पातळ कपड्यांचे तीन थर, पावसाचं जाकीट, डोक्याला बांधायची बॅटरी, पॉवर बँक (लॉजवर चार्जिंगचे पैसे घेतात), पाणी शुद्ध करायच्या गोळ्या, आपली नेहमीची औषधं. बायकांनी पॅड इथूनच पुरेसे न्यावेत आणि वापरलेले खाली पोखऱ्याला परत आणायला एक जाड पिशवी ठेवावी. चुलीत किंवा शौचकुपात टाकू नये.

चालायचे दिवस

पहिल्या दिवशी पोखऱ्याहून जीपनं उल्लेरी, मग चार-पाच तास चालून घोडेपानी. गाइड ‘बिस्तारै, बिस्तारै’ म्हणत राहील, म्हणजे हळूहळू. ऐका त्याचं. आपल्यातला एक तरी इंदुरी गडी पहिल्या तासात पुढे पळतो आणि दुपारी सगळ्यांत मागे सापडतो.

घोडेपानीला रात्री डोकं थोडं जड झालं तर पाणी प्या, जेवा, झोपा. पण डोकेदुखी वाढत असेल, मळमळ असेल, चालताना तोल जात असेल तर वर जायचं नाही, खाली उतरायचं. पून हिल पुढच्या वर्षीही तिथंच असणार आहे. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची का, हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, शेजाऱ्याच्या सल्ल्यानं नको.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेचारच्या सुमारास अंधारात पून हिल चढायची. पाऊण-एक तास. वर गर्दी असते, राजवाड्यावर रंगपंचमीची गेर बघायला जमावी तशी. समोर पहिलं ऊन ८१६७ मीटरच्या धौलागिरीवर पडतं, मग अन्नपूर्णा दक्षिण, मग माछापुच्छ्रे. ६९९३ मीटरचं हे माशाच्या शेपटीचं शिखर चढायला बंदी आहे. १९५७मध्ये एक ब्रिटिश तुकडी माथ्याच्या अगदी जवळून मागे फिरली, त्यानंतर ते कुणाला चढू दिलेलं नाही. मला ते फार आवडलं, की एक डोंगर तरी नुसता बघण्यासाठी ठेवला आहे.

खाली येऊन नाश्ता, मग पाच-सहा तास ताडापानी. तिसऱ्या दिवशी तो उतार.

घरात राहणं

आता मुख्य गोष्ट. इथं नियम कुणी पाटीवर लिहिलेले नसतात.

सामुदायिक होमस्टे असलेल्या गावांत पाहुणे पालोनं वाटतात. पालो म्हणजे आपली पाळी. कुठलं घर मिळणार ते गावची समिती ठरवते, म्हणजे प्रत्येक घरात थोडे पैसे येतात. तेव्हा आठ जणांना तीन घरांत वाटलं तर रुसू नका. आम्ही रुसलो होतो. ‘आम्हाला एकत्रच राहायचं आहे’ म्हणून गाइडशी पंधरा मिनिटं वाद घातला, तोवर तीन घरांतल्या तीन बायका हातात झेंडूच्या माळा घेऊन उभ्या होत्या. पैसे थेट घरात द्यायचे की समितीकडे, तेही गाइडला आधीच विचारून घ्या.

बूट उंबऱ्याबाहेर. चुलीत कागद, कचरा, सिगारेटचं थोटूक टाकायचं नाही, ती चूल पवित्र आहे. विचारल्याशिवाय स्वयंपाकघरात शिरायचं नाही. ‘जुठो’ हा शब्द शिका, तो आपलाच उष्टं आहे, आणि नियमही आजीच्या काळातलेच: उष्ट्या चमच्यानं वाढून घ्यायचं नाही, तांब्याला तोंड लावायचं नाही, आपल्या ताटातलं दुसऱ्याच्या ताटात टाकायचं नाही. महाराष्ट्रीय घरात वाढलेल्यांना हे जड जायला नको. आपल्या मुलांना मात्र निघण्याआधी सांगा.

जेवण म्हणजे दाल-भात-तरकारी, आणि ते पोटभर वाढतात. थांबवायला ‘पुग्यो’ म्हणा, म्हणजे पुरे. हात आडवा धरून नुसतं ‘नको नको’ केलं तर तिसरा भात पडतो. शाकाहारी आहात हे गाइडकरवी आदल्या दिवशी कळवा, अंडं चालतं की नाही तेही. ‘कोदो’ म्हणाले तर आपल्या मध्य प्रदेशातली कोदो-कुटकी समजू नका, तिथं कोदो म्हणजे नाचणी. तिचं ढिँडो करतात, घट्ट उकडीसारखं, गुन्द्रुकच्या (आंबवून वाळवलेल्या पालेभाजीच्या) आंबट रश्शाबरोबर. चटणीत टिम्मुर असतो, जिभेला मुंग्या आणणारा. कोकणातलं तिरफळ ज्यांनी खाल्लं आहे त्यांना तो लगेच ओळखू येईल, त्याचाच नातलग आहे. सगळ्यांनी एकच पदार्थ खाल्ला तर लाकूड आणि गॅस वाचतो, म्हणून प्रत्येकानं वेगळी फर्माईश करू नये. घरची राक्सी (गावठी दारू) पुढे केली तर नाही म्हणता येतं, हात जोडून, हसून.

आम्ही काय केलं ते सांगते. गावात सकाळी नुसता चहा, आणि दाल-भात दहाच्या सुमारास. आठ वाजता आमची इंदुरी पोटं पोहे-जलेबी मागू लागली. घरात चिउरा होता. चिउरा म्हणजे पोहेच की! आम्ही दोघी ‘आमा, तुम्ही बसा’ म्हणत सरळ स्वयंपाकघरात घुसलो आणि इंदुरी पोहे वाफवायला घेतले. तो चिउरा आपल्यासारखा भिजला नाही. आधी कडक राहिला, मग एकदम लगदा झाला. वर जीरावन मसाला आणि सेव पसरून आम्ही तो मोठ्या अभिमानानं वाढला. आमांनी दोन घास खाल्ले, ताटाकडे पाहिलं, आणि अगदी मायेनं म्हणाल्या, ‘पुग्यो.’ नंतर गाइडनं हळूच सांगितलं की त्यांनी आमच्यासाठी सेल रोटीचं (तांदळाच्या गोड, तळलेल्या कड्यांचं) पीठ रात्रीच भिजवून ठेवलं होतं.

सेव-जीरावन न्या, पण तिथं दिलेल्या जेवणावर घालून खायला आणि पाकीट घरात देऊन टाकायला. लपवून खोलीत खायला नाही.

रात्री आठ-साडेआठला गाव झोपतं. म्हणजे आपला सराफ्याचा रात्रीचा खाऊबाजार नुकता रंगात यायच्या वेळेला. अंगणात गाणी लावू नका, भिंती फळ्यांच्या असतात. गरम पाण्याची आंघोळ रोज मिळेलच असं नाही, आधी विचारा. शौचालय बहुधा बाहेर, बॅटरी उशाशी ठेवा.

आणि जास्तीचा दिवस वाया घालवू नका. घांद्रुक हे पाटीच्या दगडांच्या छपरांचं जुनं गुरुंग गाव. १९८६मध्ये अन्नपूर्णा संवर्धन प्रकल्पाचं काम इथूनच सुरू झालं. जुन्या वस्तू ठेवलेलं छोटं संग्रहालय आहे, ते बघा. पण त्याहून जास्त, घरातल्या म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. इथले कितीतरी जण भारतीय किंवा ब्रिटिश सैन्यात गोरखा म्हणून राहिलेले आहेत. आमच्या घरातले बा दोन दिवस काही बोलले नव्हते. शेवटच्या संध्याकाळी काकांनी ‘हम इंदौर से हैं’ म्हटल्यावर त्यांनी मान वर केली आणि स्वच्छ हिंदीत विचारलं, ‘महू के पास?’ जवानीत ते इन्फन्ट्री स्कूलला कोर्ससाठी आले होते. पुढचे दोन तास आम्हाला आमच्याच शेजारच्या गावाची माहिती एका नेपाळी माणसाकडून मिळत होती.

निघताना

घरचे टिका लावतात, माळ घालतात. मुलांच्या हातात सुट्टे पैसे किंवा चॉकलेटं देऊ नका, काही द्यायचंच असेल तर वह्या-पेनं गावच्या शाळेत शिक्षकांकडे द्या. गाइड आणि पोर्टरची बक्षिसी वेगवेगळ्या पाकिटांत, दोघांच्या हातात स्वतंत्र, कारण एकाकडे दिलेली दुसऱ्यापर्यंत पोहोचेलच असं नाही. फोटो पाठवतो असं म्हणाला असाल तर पाठवा. आमांच्या नातवाचा नंबर घेऊन ठेवा, त्या स्वतः फोन वापरत नाहीत.

जीपचा तळ गावाच्या खाली आहे, अर्ध्या-पाऊण तासाच्या पायऱ्या उतरून. त्याही उताराच्याच. काठ्या पिशवीत बांधू नका.